प्रॉसीच्या पेस्टचा रिपोर्ट

“आई गेली तेव्हा तू किती वर्षांची होतीस?” फिलिपाने विचारलं.

“नऊ,” प्रॉसी म्हणाली.

“मग तिथूनच सुरू कर. ‘मी नऊ वर्षांची असताना माझी आई गेली.’ इतकं म्हणायचं आणि थांबायचं. लोकांना ते आत जाऊ द्यायचं. मग पुढे बोल.”

प्रॉसी माइकसमोर उभी होती. फाउंडेशनने दिलेला पिवळा टी-शर्ट तिला दोन मापं मोठा होता. त्यावर छातीवर ‘मी उद्याचा दिवस घडवते’ अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत लिहिलं होतं. तिने माइक थोडा खाली केला.

“पण आई गेली म्हणून मी पेस्ट करायला लागले नाही,” ती म्हणाली. “माझ्या सेंगाची गिरणी दुपारभर रिकामी पडलेली असायची, म्हणून लागले.”

“गिरणी रिकामी होती यावर कोणी टाळ्या वाजवत नाही, डिअर,” फिलिपा गोड हसून म्हणाली. “पुन्हा. आईपासून.”

मी तिसऱ्या रांगेत बसून हे ऐकत होते. एंटेबीला सरोवराच्या काठी एक महागडं रिसॉर्ट आहे, त्याच्या सभागृहात हा प्रकार चालला होता. फाउंडेशनचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तरी काही बिघडणार नाही म्हणा. अशा सगळ्यांची नावं एकसारखीच असतात, त्यात सूर्य तरी असतो नाहीतर पंख. पंधरा ते एकोणीस वर्षांच्या आफ्रिकी मुलामुलींना शोधायचं, त्यांना ‘उद्योजक’ म्हणायचं, वर्षभराची फेलोशिप द्यायची आणि एकाला पंचवीस हजार डॉलरचं बक्षीस द्यायचं, हे त्यांचं काम. ते फिलिपा पाहत असे. ती स्वभावाने वाईट नव्हती. तिला मुलं खरोखर आवडायची. फक्त ती कोणत्या चौकटीत बसवली तर फोटो चांगला येईल, याच्या पलीकडचं तिला दिसत नसे.

मी मूळची धुळ्याची. शैलजा बागूल. त्या वेळी कंपालाला एका खाजगी प्रयोगशाळेत खाद्यपदार्थ तपासण्याच्या कामाची प्रमुख होते. फाउंडेशनचे नमुने आमच्याकडे यायचे आणि त्यांच्या स्पर्धेत ‘तांत्रिक परीक्षक’ म्हणून मला खुर्ची मिळायची. त्या खुर्चीवर बसून मी सगळ्यांना मनातल्या मनात तुच्छ लेखायची. फिलिपाला, तिच्या पाहुण्यांना, कॅमेरे घेऊन फिरणाऱ्या दोन तरुणांना, स्टेजमागे उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या चेकला, जो दोन माणसांनी धरल्याशिवाय उचलला जात नसे. घरी फोनवर बहिणीला सांगायची, “इथे पोरांचं दुःख वजन करून घेतात बघ.” बहीण हसायची. मला बरं वाटायचं. आपण यांच्यातले नाही, असं.

त्या वर्षी अंतिम फेरीत तिघं होते. त्यातल्या एकाला आदल्या दिवशी ताप भरला आणि तो घरी गेला. उरले दोघं. इयन, अठरा वर्षांचा, कंपालाच्या भारी शाळेतला. त्याने एक अॅप केलं होतं, शेतकऱ्याला ट्रॅक्टर भाड्याने मिळवून देणारं. अॅपवर नऊ ट्रॅक्टर होते, त्यातले सात त्याच्या मामाचे. उरलेले दोन कोणाचे हे त्यालाही नीट सांगता येत नव्हतं. पण बोलायचा असा की ऐकणाऱ्याने खिशात हात घालावा.

आणि प्रॉसी नान्सुबुगा. सतरा वर्षांची. लुकायाच्या पुढे, मसाकाच्या रस्त्यावर तिचं गाव. ती आणि तिची सेंगा, म्हणजे वडिलांची बहीण, आपल्याकडची आत्या, अशा दोघी मिळून भाजलेल्या शेंगदाण्याची पेस्ट करायच्या. आपण कूट करतो, ते तसंच दळत राहिलं की तेल सुटून जे होतं ते. छोट्या पाकिटांत भरून त्या ती गावच्या शाळेला द्यायच्या. शाळेत अकरा वाजता मुलांना मक्याची पेज मिळे, त्यात एक एक चमचा घालायचा. पूर्वी नुसती पाणचट पेज असे. आता पोरं वाटी चाटूनपुसून घ्यायची, मास्तर सांगायचे. दोनशे बारा मुलं.

नमुने घ्यायला मी स्वतः तिच्या घरी गेले होते. तिने कढई, चाळणी, गिरणी सगळं दाखवलं होतं. स्वच्छता अशी की आमच्या प्रयोगशाळेतल्या पोरांना नेऊन दाखवावी. तिने मला बोटावर पेस्ट चाखायला दिली. धुळ्याच्या दाण्याची चव मला आठवली. मला ती मुलगी मनापासून आवडली होती. हे मी मुद्दाम सांगते आहे.

तालीम संपल्यावर जेवणाची सुट्टी झाली. कार्यक्रम चारला होता. मी ताट घेऊन बाहेर लॉनवरच्या टेबलाशी बसले, तशी प्रॉसी समोर येऊन उभी राहिली.

“मॅडम शैला, बसू का?”

“बस की. जेवलीस?”

“नंतर.” ती खुर्चीच्या कडेवर बसली. “एक विचारायचं होतं. तुम्ही माझी पाकिटं तपासायला नेली होती. त्याचं काय आलं?”

“का गं?”

“पाकिटावर छापायचंय. ‘प्रयोगशाळेत तपासलेलं’. मसाकातला छापखानेवाला विचारतोय, तारीख कुठली टाकू म्हणून.”

“बघू,” मी म्हणाले. “आज तू भाषणाकडे लक्ष दे. ते मागाहून बोलू.”

ती उठली नाही. माझ्याकडे बघत राहिली. पोरींची शाळेतली हुशारी वेगळी आणि बाजारात वावरल्याने येते ती वेगळी. समोरचा माणूस गोणीतला कुठला दाणा लपवतोय हे तिला कळायचं.

“इयनच्या अॅपचं तुम्ही काल सगळ्यांसमोर सांगितलंत,” ती म्हणाली. “माझं मागाहून का?”

मी काटा खाली ठेवला. मागे फिलिपा पाहुण्यांना सरोवर दाखवत होती.

“तुझ्या पेस्टमध्ये एक विष सापडलंय,” मी म्हणाले. “अफ्लाटॉक्सिन म्हणतात. तू घातलेलं नाहीस. दाण्याला ओल लागली, तो साठवणीत राहिला, की एक बुरशी धरते, ती हे विष सोडते. तू ज्या व्यापाऱ्याकडून दाणे घेतेस त्याच्या गोदामात झालं असणार.”

“किती?”

“चालतं त्याच्या साडेचारपट.”

“पण दाणे आम्ही निवडतो. काळे, सुरकुतलेले सगळे काढतो.”

“नुसत्या डोळ्यांना दरवेळी दिसत नाही. वासही येत नाही. चवही नाही.”

“भाजल्यावर मरत नाही?”

“बुरशी मरते. विष राहतं.”

ती टेबलावरच्या मिठाच्या डबीकडे बघत होती. “खाल्लं की काय होतं?”

“एका दिवसात काही होत नाही,” मी घाईने म्हणाले. “महिनोन्महिने पोटात जात राहिलं तर लिव्हर बिघडतं. लहान मुलांची वाढ खुंटते असं म्हणतात. लगेच घाबरण्यासारखं…”

“तुम्हाला कधी कळलं?”

हा प्रश्न येणार हे मला माहीत असायला हवं होतं. पण त्याचं उत्तर मी तयार ठेवलं नव्हतं, आणि तिच्या तोंडावर खोटं बोलणं मला जमलं नाही.

“तीन आठवडे झाले.”

तिचे ओठ हलले. ती मोजत होती.

“पंधरा दिवस शाळा भरली,” ती म्हणाली. “आज धरून.”

मला समजावून सांगायचं होतं. रिपोर्ट आला त्याच दिवशी मी फिलिपाला फोन केला होता. ती म्हणाली होती, “शैला, हे आत्ता फाइलमध्ये लावू नकोस. माझे देणगीदार येणार आहेत, ते तिच्यासाठीच येताहेत. तिला जिंकू दे. फेलोशिपच्या वर्षात आपण हे सगळं नीट करू, चांगलं गोदाम, चांगलं यंत्र, सगळं.” मी हो म्हणाले होते. मला वाटलं, सगळं नाटकच आहे, तर निदान या नाटकातून या पोरीच्या पदरात काहीतरी पडू दे. हाच मोठेपणा वाटला मला. आमच्या प्रयोगशाळेचं फाउंडेशनशी कंत्राट त्याच महिन्यात नव्याने व्हायचं होतं, तेही मनात होतंच. मात्र त्याच तीन आठवड्यांत, रोज अकरा वाजता, दोनशे बारा वाट्या भरल्या जात होत्या, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. आलं असेल, तर मी ते बाजूला सारलं असेल.

हे सगळं बोलायला मी तोंड उघडलं. प्रॉसी ऐकायला थांबली नाही. ती चार पावलं बाजूला गेली, फोन काढला आणि त्यांच्या लुगांडा भाषेत बोलू लागली. आवाज अजिबात चढला नाही. मला फक्त ‘मास्तर’ हा शब्द कळला. बोलणं संपवून ती परत आली.

“शाळेच्या कोठाराला कुलूप लावायला सांगितलंय,” ती म्हणाली. “आम्ही निघतो.”

तिची सेंगा झाडाखाली चपला काढून बसली होती. प्रॉसीने तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. त्या बाईने माझ्याकडे पाहिलं, मग चपला घातल्या आणि उठली.

फिलिपा धावतच आली. मी तिला दोन वाक्यांत सांगितलं. तिचा चेहरा आधी उतरला आणि मग, मी हे कधी विसरणार नाही, उजळला.

“प्रॉसी, ऐक,” तिने तिचे दोन्ही हात धरले. “हे तू स्टेजवर सांग. अगदी असंच! ‘आज दुपारी मला कळलं की माझं उत्पादन सुरक्षित नाही.’ इतकं प्रामाणिक आजवर कोणी बोललेलं नाही. सगळं सभागृह उभं राहील. मी सांगते तुला, आजचं बक्षीस तुझंच आहे.”

“मॅडम फिलिपा,” प्रॉसी म्हणाली, “शाळेत मुलांच्या आयांना कोण सांगणार?”

“सांगू ना! सोमवारी आपली टीम जाईल. कॅमेरा घेऊन जाऊ. तुझ्यासोबत.”

“गावाकडची टॅक्सी तीनला सुटते,” प्रॉसी म्हणाली आणि हात सोडवून घेतले.

नियमाप्रमाणे नाव मागे घेण्याचा फॉर्म भरावा लागे. असा फॉर्म खरोखर होता, चार पानी, आणि त्यात शेवटी एक मोठी चौकट होती: ‘या अनुभवातून तू काय शिकलीस?’ सेंगाने पालक म्हणून सही केली. चौकट प्रॉसीने रिकामी ठेवली. फिलिपाने ती दोनदा तिच्यापुढे सरकवली. “एकच वाक्य लिही. रेकॉर्डसाठी लागतं.” प्रॉसीने पेनला टोपण लावून ते टेबलावर ठेवलं. दोघी फाटकाकडे चालू लागल्या. प्रॉसीचा टी-शर्ट पाठीवर घामाने ओला झाला होता. कॅमेरेवाल्यांतला एक मागे पळत गेला. सेंगाने नुसता हात वर केला तसा तो थांबला.

मी त्यांना गाडीने सोडायला हवं होतं. माझी गाडी पार्किंगमध्ये उभी होती. पण मी परीक्षक होते ना. चारला कार्यक्रम होता.

चारला कार्यक्रम झाला. स्पर्धक एकच उरला असला तरी तीन परीक्षकांनी गुण दिले, बेरीज केली, पाकीट बंद केलं आणि ते स्टेजवर थाटात फोडलं. इयनला पंचवीस हजार डॉलर मिळाले. माझी सही त्या कागदावर आहे. पाहुण्यांपैकी एकाने चहाच्या वेळी मला विचारलं, “ती शेंगदाण्याची मुलगी दिसली नाही?” मी म्हणाले, “तिच्या घरी काही अडचण आली.” फिलिपा जवळच उभी होती. तिने माझ्याकडे कृतज्ञतेने पाहिलं. आम्ही दोघी एकाच चौकटीत होतो.

शनिवारी प्रॉसीचा मेसेज आला. ‘सोमवारी दहाला शाळेत पालक येणार आहेत. मास्तर कागद मागतात. रिपोर्ट घेऊन या.’ खाली ना नमस्कार ना आभार. एवढ्या कोरड्या शब्दांत माझ्याशी त्या देशात कोणी बोललं नव्हतं. मी ‘येते’ असं उत्तर पाठवलं. त्यावर काही आलं नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे ती उत्सुकता राहणार नाही. प्रॉसीने गिरणी एक हंगाम बंद ठेवली. मग गावातल्याच बायकांना दाणे पेरायला लावलं, उन्हात पत्र्यावर वाळवायला शिकवलं, गोणीखाली फळ्या टाकल्या. हे सगळं तिला सरकारी शेती खात्यातल्या एका म्हाताऱ्या कर्मचाऱ्याने सांगितलं, जो फुकट सल्ला देतो म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नसे. आज तिची पेस्ट मसाकापासून एमबाराराच्या रस्त्यापर्यंत अकरा शाळांत जाते. प्रत्येक खेपेला ती नमुना तपासून घेते, दुसऱ्या प्रयोगशाळेत. मी दोनदा फुकट तपासून द्यायची तयारी दाखवली. दोन्ही वेळा सेंगाने फोन उचलला आणि नको म्हणाली. इयनचं अॅप आठ महिन्यांत बंद पडलं. तो आता कुठल्याशा परिषदांमध्ये ‘अपयशातून शिकलेलं’ या विषयावर बोलतो आणि बरा बोलतो. आमच्या प्रयोगशाळेला कंत्राट मिळालं, तीन वर्षांचं. ते संपेपर्यंत मी तिथे काम केलं. त्या खुर्चीवर आणखी दोनदा बसले.

तर सोमवार. मी साडेनऊलाच पोचले. शाळेच्या आवारात फणसाच्या झाडाखाली चटया टाकल्या होत्या. आया, आज्या, कडेवर पोरं, सायकली टेकवून उभे असलेले दोनचार बाप. शंभरावर माणसं असतील. एका बाजूला पाकिटांचे खोके रचून ठेवले होते आणि त्यांच्याशेजारी सेंगा हाताची घडी घालून उभी होती. मागे खड्डा खणून तयार होता. एका बाईने बसायला खुर्ची आणून दिली, तिथल्या रीतीप्रमाणे.

शाळेच्या लुबेगा मास्तरांनी रिपोर्ट घेतला, चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि परत माझ्या हातात दिला. “तुम्हीच सांगा,” ते म्हणाले. “आमच्या तोंडून लोकांना खरं वाटणार नाही. प्रॉसी लुगांडात सांगेल.”

प्रॉसी येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. शाळेचा निळा गणवेश, केस बारीक कापलेले. रात्रभर झोपली नसावी. मी उभी राहिले.

मी सांगायला सुरुवात केली. दाण्यात विष कसं होतं. त्यात या मुलीची चूक नाही, तिने जे डोळ्यांना दिसतं ते सगळं निवडलं होतं. आजपासून ही पेस्ट मुलांना द्यायची नाही. कोणाला काविळीसारखं काही वाटलं तर मसाकाच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. मी एक वाक्य बोलायची, थांबायची, प्रॉसी ते लुगांडात सांगायची. तिचा आवाज खणखणीत होता. स्टेजवर फिलिपाला तो कधी काढून घेता आला नव्हता.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. तिच्या मांडीवर दोन नातवंडं होती, एकाला तिने खाली ठेवलं, दुसऱ्याला कडेवर घेतलं. तिने काहीतरी विचारलं.

“ती विचारतेय,” प्रॉसी म्हणाली, “हे तुम्हाला कधी कळलं.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी तयारी करून आले होते. शनिवारपासून दोन दिवस हेच वाक्य घोकत होते की खरं सांगायचं. आणि तोंडातून निघालं ते असं:

“रिपोर्ट थोड्या दिवसांपूर्वी आला. कळल्यावर आम्ही प्रॉसीला सांगितलं.”

मी थांबले. प्रॉसीने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. सतरा वर्षांची मुलगी चाळणीतला नासका दाणा जसा चिमटीत धरून बघेल, तसं बघितलं तिने. मग ती लोकांकडे वळली आणि बोलू लागली.

मला लुगांडा येत नाही. पण कंपालाच्या बाजारात चार वर्षं भाजी घेतली की आकडे आणि आठवड्याचे हिशेब कानाला कळायला लागतात.

“वीकी स्सातु,” ती म्हणाली. तीन आठवडे.

झाडाखाली हालचाल झाली. ती म्हातारी उभीच होती, तिने शब्द पुन्हा उच्चारला, स्वतःशी. मागच्या रांगेतल्या एका बाईने कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला ते बघणं ओळखीचं वाटलं. इतकी वर्षं मी ते दुसऱ्यांवर वापरत आले होते.

प्रॉसी हात मागे बांधून, समोर बघत, माझ्या पुढच्या वाक्यासाठी थांबली होती.

“पुढे, मॅडम?” ती म्हणाली.